पैसे मधल्या मधे कोणाकडे असतात?

शाळेने सहलीची वर्गणी ऑनलाइन घ्यायचे ठरवले, की बहुधा एखाद्या कंपनीची सेवा घ्यावी लागते. पालक कार्डाचा तपशील भरतात. कंपनी तो बँकेकडे पाठवते, होकार आला की पावती देते आणि जमलेली रक्कम साधारणपणे एक-दोन दिवसांनी शाळेच्या खात्यात वळती करते. तेवढा काळ पैसे पालकांचे नसतात आणि शाळेचेही नसतात. विश्वासाचा प्रश्न उद्भवतो तो इथे.

पुष्कळ जण संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह पाहून निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एवढाच, की तुमचा संदेश सांकेतिक रूपात जातो आणि वाटेत कोणी वाचू शकत नाही. लखोट्याला लाख लावली म्हणून तो ज्याच्या हाती पडणार तो सज्जन ठरत नाही.

मग विश्वास ठेवायचा कशावर? जर्मनीतील वायरकार्डचे उदाहरण पाहू. १९९९ साली निघालेली ही कंपनी म्यूनिकजवळ होती. कार्डाने दिलेले पैसे व्यापाऱ्यांपर्यंत पोचवणे हा तिचा धंदा. २०१८ मध्ये देशातील तीस अग्रगण्य कंपन्यांच्या डॅक्स निर्देशांकात ती जाऊन बसली. तिच्याकडे परवाना असलेली स्वतःची बँक होती आणि नामांकित हिशेबतपासनीसही होते. हिशेबावर शंका घेणाऱ्या फायनान्शियल टाइम्सच्या पत्रकारांविरुद्धच नियामकाने २०१९ मध्ये फौजदारी तक्रार केली! म्हणजे बाह्य लक्षणे सगळी उत्तम होती.

ताळेबंदात १९० कोटी युरो आशियातील बँकांत, विश्वस्तांच्या खात्यांवर दाखवलेले होते. त्याच वृत्तपत्राने २०२० मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, तपासनीसांनी सिंगापूरच्या बँकेला थेट न विचारता विश्वस्ताने व कंपनीने पुरवलेली कागदपत्रे आणि पडद्याची छायाचित्रे काही वर्षे मान्य केली. पुढे पैसे फिलिपिन्समध्ये आहेत असे सांगण्यात आले. जून २०२० मध्ये तेथील दोन बँकांनी कळवले, की ही कागदपत्रे बनावट आहेत, कंपनी आमची ग्राहकच नाही. २२ जूनला कंपनीने कबूल केले, की ते पैसे बहुधा अस्तित्वातच नाहीत. २५ जूनला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

प्रयोगशाळेत आम्ही तराजूची अचूकता त्याच्यासोबत आलेल्या माहितीपत्रकावरून ठरवत नाही. दुसरीकडून प्रमाणित करून आणलेली वजने त्यावर ठेवतो. इथे तराजूलाच त्याची साक्ष विचारली गेली.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. ब्रिटनच्या नियामकाने २६ जूनला वायरकार्डच्या तेथील उपकंपनीचे व्यवहार थांबवले. तिच्यावर चालणाऱ्या कार्डांत ज्यांचे पैसे होते त्यांना काही दिवस ते वापरता येईनात. परंतु ग्राहकांचा पैसा कंपनीच्या पैशापासून वेगळा ठेवण्याचा नियम तेथे होता. निर्बंध लवकरच सैल झाले आणि कार्डे पुन्हा चालू लागली.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये असाच नियम केला. बँक नसलेल्या अशा कंपनीला परवानगी लागते, अर्ज करताना तिची निव्वळ मालमत्ता किमान १५ कोटी रुपये असावी लागते आणि व्यापाऱ्यांसाठी जमवलेले पैसे वाणिज्य बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. वायरकार्डलाही परवाना होता, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून यादीत नाव सापडणे ही केवळ पहिली पायरी. यादीकडे जाण्यासाठी कंपनीने पाठवलेला दुवा मात्र वापरू नये, पत्ता आपण स्वतः टंकावा. त्यानंतर करार करणाऱ्या मुख्याध्यापकांनी कंपनीला विचारावे, एस्क्रो खाते कोणत्या बँकेत आहे. उत्तर आले, की त्याची खातरजमा त्या बँकेकडे करावी, आणि बँकेचा दूरध्वनी क्रमांक कंपनीच्या पत्रावरून घेऊ नये.