उद्या गोलमध्ये कोण?

समजा उद्या तुमच्या शाळेचा सामना आहे. समोरचा संघ तगडा आहे. आणि आजच तुमच्या संघातल्या सगळ्यांत भरवशाच्या खेळाडूचा पाय मुरगळला! काय कराल तुम्ही?

हसू नका. आमच्या शाळेत गेल्या डिसेंबरात नेमकं हेच झालं.

अकोला जिल्ह्यातली आमची शाळा सातवीपर्यंतची. मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात तिथं पाय रुतेल एवढा चिखल आणि पुढं माती सुकली की हात जाईल एवढ्या भेगा. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला धुरा आणि धुऱ्यापलीकडं कपाशीचं वावर. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. त्या भारतीय संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. स्पर्धेच्या आधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळवला गेला. तेव्हापासून आमच्याकडंही या खेळाचं वेड शिरलं, ते काही निघायला तयार नाही.

तर शनिवारी शेजारच्या गावच्या शाळेशी आमचा सामना होता. आदल्या वर्षी त्यांनी आम्हांला ४-० असं धुतलेलं. यंदा उट्टं काढायचंच, असं पोरांनी ठरवलं होतं. सगळा भरवसा आमच्या गोलकीपरवर! उंच, लांब हातांचा, चेंडू आला की घारीसारखा झेप घेणारा. गुरुवारी संध्याकाळी सरावात त्यानं अशीच झेप घेतली आणि खाली येताना पाय नेमका भेगेत गेला. घोट्यावर बघता बघता लिंबाएवढी सूज आली.

शुक्रवारी सकाळी मी वर्गात गेलो, तर कुणी बोलायला तयार नाही.

“सर, आता आपन हारलोच,” पहिल्या बाकावरून आवाज आला.

“मॅच पुढं ढकला ना सर!”

“काहून ढकलाची? त्याले घट्ट पट्टी बांधू अन् उभं करू. कुंबळे नाई का, जबडा तुटला तरी खेळला!”

ही सूचना सगळ्यांना एकदम पसंत पडली. टाळ्यासुद्धा झाल्या. टाळ्या वाजवत नव्हता एकच जण. शेवटच्या बाकावरचा, सहावीतला. हा आमचा राखीव गोलकीपर. राखीव म्हणजे काय, तर वर्षभर गोलच्या मागं उभा राहायचा आणि वावरात गेलेला चेंडू आणून द्यायचा. मधल्या सुट्टीत तो हळूच माझ्याजवळ आला.

“सर, मले नाई खेळाचं उद्या.”

“का रे?”

“सारेच म्हनतात, तो नाई त आपन हारलो. मंग म्या कायले उभं राहाचं?”

मला एकदम चपापल्यासारखं झालं. सकाळपासून वर्गात जे काही बोललं गेलं होतं, ते या पोरानं एकेक शब्द ऐकलं होतं. आणि मीही त्याच्याकडं एकदासुद्धा पाहिलं नव्हतं.

मग दुपारी गणिताचा तास बाजूला ठेवला आणि फळ्यावर तीन साल लिहिले : २०१४, १९६२, २०१९. तुम्हांलाही त्या तीन गोष्टी सांगतो.

२०१४ साली फुटबॉलचा विश्वचषक ब्राझीलमध्येच होता. ब्राझीलचा लाडका खेळाडू नेमार. ४ जुलैला कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात एका खेळाडूचा गुडघा त्याच्या पाठीत बसला आणि मणक्याचं हाड मोडलं. चारच दिवसांनी, ८ जुलैला, जर्मनीशी उपांत्य सामना! सगळा देश हळहळला. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी नेमारचा १० नंबरचा शर्ट हातांत धरला होता. सामना सुरू झाला आणि २३ ते २९ या मिनिटांत जर्मनीनं चार गोल ठोकले. शेवटी निकाल लागला ७-१. आता हे काही एकट्या नेमारच्या नसण्यानं झालं नाही. कप्तान थियागो सिल्वाही पिवळ्या कार्डांमुळं बाहेर होता आणि जर्मनीचा संघ फार जोरात होता. पण मी मुलांना एकच विचारलं, “नेमारच्या जागी त्या दिवशी कोण खेळलं?” वर्गातल्या फुटबॉलवेड्यांनाही सांगता आलं नाही. त्याचं नाव बर्नार्ड. सामना बेलो होरिझोन्ते शहरात होता आणि हा त्याच शहरात जन्मलेला पोरगा. शर्ट मात्र धरला गेला तो न आलेल्याचा.

आता दुसरी गोष्ट. देश तोच, ब्राझील. साल १९६२, विश्वचषक चिली देशात. तेव्हाचा राजा पेले. दुसऱ्याच सामन्यात, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध, त्याची मांडी दुखावली. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडू घेताच येत नसे. ती सोय १९७० साली आली. त्यामुळं पेले लंगडत मैदानावरच राहिला. त्या वेळी चेक खेळाडू त्याच्या दुखऱ्या पायावर तुटून पडले नाहीत. त्यांनी त्याला सांभाळून घेतलं. पेलेनं पुढं या खिलाडूपणाचं मनापासून कौतुक केलं.

पुढचा सामना स्पेनशी. पेलेच्या जागी आला अमारिल्दो नावाचा तरुण. पेलेची जागा! छाती दडपून जावी अशीच ती जागा. त्यात स्पेननं आधी गोल केला. पण शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल झाले आणि ब्राझील २-१ नं जिंकलं. दोन्ही गोल अमारिल्दोचे! अंतिम सामन्यातही त्याचा एक गोल होता. ब्राझीलनं चेकोस्लोव्हाकियाला ३-१ असं हरवून विश्वचषक उचलला.

“पन सर, हे ब्राझीलचं झालं. आपल्याकडं असं होते का कुठं?” एकीनं विचारलं.

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. तिसरी गोष्ट आपल्याच मातीतली आहे. खेळ क्रिकेटचा, पण अडचण हीच.

७ फेब्रुवारी २०१९ रोजी विदर्भानं सौराष्ट्राला हरवून लागोपाठ दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या मोसमात वसीम जाफरनं एकट्यानं १,०३७ धावा केल्या होत्या, आणि तेही चाळिशीत! मग १२ फेब्रुवारीपासून नागपूरजवळ जामठ्याला इराणी करंडकाचा सामना होता. रणजी विजेत्याची गाठ शेष भारताच्या निवडक खेळाडूंशी पडते, तो हा सामना. आदल्या वर्षी याच सामन्यात जाफरनं २८६ धावा काढल्या होत्या. पण या वेळी जाफर दुखापतीमुळं बाहेर. उमेश यादवही संघात नव्हता. समोर अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, हनुमा विहारी अशी मंडळी. आम्हां विदर्भवाल्यांचे चेहरे तेव्हा कसे झाले असतील, ते आमच्या शुक्रवारच्या वर्गावरून ओळखा.

जाफरच्या जागी आला आपल्या अकोल्याचा अथर्व तायडे. वय वर्षं अठरा. आधीच्या मोसमात कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यानं मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावा काढल्या होत्या, पण ते एकोणीस वर्षांखालचं क्रिकेट. इथं सगळेच मोठे.

पहिल्या डावात त्याची बॅट फारशी चालली नाही. तिथं अक्षय कर्णेवारनं शतक ठोकलं आणि विदर्भानं ४२५ धावा करून शेष भारताच्या ३३० धावांवर आघाडी घेतली. दुसऱ्या डावात मात्र विहारीनं नाबाद १८० धावा कुटल्या आणि विदर्भापुढं २८० धावांचं लक्ष्य आलं. कप्तान फैझ फजल शून्यावर बाद! अशा वेळी अथर्व पाय रोवून उभा राहिला. घाई नाही, गडबड नाही. त्यानं ७२ धावा केल्या, गणेश सतीशनं ८७. विदर्भाच्या ५ बाद २६९ धावा झाल्या असताना, अवघ्या ११ धावा बाकी ठेवून, सामना अनिर्णित म्हणून थांबवण्यात आला. पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक विदर्भाकडंच राहिला. तो दिवस १६ फेब्रुवारीचा, म्हणजे नेमका जाफरचा ४१ वा वाढदिवस! दोनच दिवसांपूर्वी पुलवामात आपले जवान शहीद झाले होते. विदर्भाच्या संघानं बक्षिसाची रक्कम त्यांच्या कुटुंबांसाठी जाहीर केली.

एवढं सांगून मी थांबलो. शेवटच्या बाकाकडं मुद्दाम पाहिलं नाही. पण पहिल्या बाकावरच्यांच्या माना एकेक करून तिकडं वळल्या.

“अन् कुंबळेचं काय सर?” सकाळचा मुद्दा अजून शिल्लक होता.

कुंबळेची गोष्ट खरीच आहे. २००२ साली अँटिग्वाच्या कसोटीत जबडा मोडलेला असताना पट्टी बांधून त्यानं १४ षटकं टाकली, ब्रायन लारालाही बाद केलं. पण मुलांनो, तो होता जाणता, मोठा माणूस. निर्णय त्याचा स्वतःचा होता. आणि त्यानंतर तो शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतला. इथं तर निर्णय आपण घेत होतो आणि पाय दुसऱ्याचा होता!

पाय मुरगळतो म्हणजे काय होतं? हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्या असतात. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. पाय वेडावाकडा पडला की त्या ताणल्या जातात, कधी थोड्या फाटतातही. म्हणून सूज येते. तुमच्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो, त्यालाही इजा होऊ शकते. तेव्हा आधी खेळ थांबवायचा. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरायचा, नुसता कातडीवर ठेवायचा नाही. क्रेप बँडेज बांधायचं, फार आवळायचं नाही. पाय उशीवर उंच ठेवायचा. आजी मायेनं तेल लावून चोळायला बसेल, पण पहिले दोन दिवस चोळणं नको आणि शेकही नको. आणि त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, तर सरळ डॉक्टरांकडं जायचं. कदाचित फोटो काढावा लागेल. आमच्या गोलकीपरला गुरुवारी रात्रीच डॉक्टरांना दाखवलं होतं. हाड शाबूत होतं, पण तीन आठवडे खेळ बंद.

मग पोरांनीच उद्याचं ठरवलं. एक, “तो असता तर” हे वाक्य मैदानावर कुणी बोलायचं नाही. दोन, ओरडायचं ते नव्या गोलकीपरचं नाव घेऊन. तीन, गोल खाल्ला तर आणखी जोरात ओरडायचं. तिसरा नियम कुणी सुचवला असेल? पाय सुजलेल्या आमच्या गोलकीपरनं! त्याला त्याच्या बाबांनी सायकलवर बसवून शाळेत आणलं होतं. त्यानं आपले हातमोजे काढून शेवटच्या बाकावर ठेवले. शुक्रवारी संध्याकाळी तो खुर्चीवर बसून राहिला, दुसऱ्या खुर्चीवर पाय. “पुढं ये. अजून पुढं. चेंडू पाय, त्याच्या तोंडाकडं नको पाहू,” असं अंधार पडेपर्यंत चाललं होतं.

शनिवारचा निकाल सांगू? आम्ही २-१ नं हरलो.

पहिला गोल त्याच्या दोन पायांमधून गेला. क्षणभर सगळं मैदान चिडीचूप. मग आमच्या बाजूनं एकदम त्याच्या नावाचा असा गजर झाला, की वावरातल्या बाया कापूस वेचायच्या थांबून धुऱ्यावर आल्या. त्यानंतर त्यानं तीन चेंडू अडवले. एक तर अंगावर घेतला. सामना संपल्यावर तो रडला नाही. मला येऊन म्हणाला, “सर, दुसरा गोल मीच सोडला. उडी उशिरा मारली.” आदल्या दिवशी खेळायचंच नाही म्हणणारा पोरगा आता आपली चूक स्वतः शोधत होता. मला वाटतं, आमची खरी कमाई तीच.

जानेवारीत आमचा जुना गोलकीपर बरा होऊन परत आला. आता दोघं अर्धा अर्धा वेळ गोलमध्ये उभे राहतात. वावरातला चेंडू आणायला सगळ्यांनी पाळी लावून घेतली आहे.

बरं, आता तुम्ही सांगा. तुमच्या संघाचा राखीव खेळाडू कोण? त्याचं नाव तुम्हांला पटकन आठवलं का?