चाचांचा सिपासनामा
आमच्या मुलांच्या उर्दू शाळेत शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त झाले की जलसा होतो: हार, शाल, फ्रेममधला सिपासनामा. खरे सांगायचे तर मजकूर तोच, नाव तेवढे आम्ही बदलतो. शिपायांना ६० व्या वर्षी स्टाफरूममध्ये चहा-समोसा, बस्स.

यंदा नववीच्या मुलांनी विचारले, "सर, चाचांचा सिपासनामा कोण लिहिणार?" आम्ही गप्प. मग त्यांनीच लिहिला. उशीर झाला तरी फाटक उघडायचे, ताप आलेल्याला सायकलवरून घरी सोडायचे, डबा विसरलेल्याला आपल्यातली अर्धी भाकर द्यायचे. यातले आम्हाला काहीच ठाऊक नव्हते.

मुलगा वाचत होता. चाचा घड्याळ पाहून मध्येच उठले. तासाची घंटा द्यायची होती.