तीळ लेझरने काढायचाय? आधी डॉक्टरांची नजर, मग उन्हापासून जपणूक

उन्हाळी सुट्ट्या लागल्या, लग्नांचा मोसम आला की फैजपूर, सावदा, यावलकडच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : मुलीच्या चेहऱ्यावरचा तीळ लेझरने काढून टाकायचा का? उर्दू शायरीने ज्या तिळाचं एवढं कौतुक केलं, तोच रिश्ता बघायला आलेल्यांच्या डोळ्यांत खुपतो, हे गणित आम्हाला काही उमगलेलं नाही. पण घरात ठरलंच असेल तर निदान नीट माहिती घेऊन जावं.

तीळ जाळायला बहुतेक ठिकाणी कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. याचा शोध 1964 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी लावला. ते जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी. या लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. कातडीतलं पाणी तो शोषून घेतं, तापून त्याची वाफ होते आणि तिळाचा उंचवटा थराथराने उडून जातो. जागा बधिर करून पाच-दहा मिनिटांत काम होतं.

इथेच खरी मेख आहे. जे जळून गेलं, ते तपासणीला पाठवता येत नाही. बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात. पण तीळ अचानक वाढू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसू लागले, आकार सहा मिलिमीटरच्या पुढे गेला, खाज किंवा रक्त येऊ लागलं, तर लेझरचं नावही काढू नका. असा तीळ डॉक्टर कापून काढतात आणि तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तिळाचा कॅन्सर फार कमी होतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. केळीच्या बागेत अनवाणी राबणाऱ्याला तो डाग काट्याची जुनी जखम वाटते आणि वेळ निघून जाते.

म्हणून पहिली भेट त्वचारोग तज्ज्ञाची. भुसावळ-जळगावला खासगी दवाखाने आहेत, जळगावला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे. कान टोचल्यावर गाठ आली होती, शुगर आहे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, हे सगळं आधीच सांगावं. गाठीची सवय असलेल्या कातडीवर, विशेषतः छातीवर आणि खांद्यावर, तिळापेक्षा वण मोठा होऊ शकतो. पार्लरमध्ये मशीन आहे म्हणून तिथे बसू नये. चुना आणि धुण्याचा सोडा लावून तीळ जाळायचा गावठी उपाय तर साफ बंद करा. त्याने कातडी खोलवर भाजते आणि खड्डा कायमचा राहतो.

आता नंतरची काळजी. आमच्या मते निम्मं काम इथेच असतं. जागेवर खपली धरते, ती साधारण आठ-दहा दिवसांत आपोआप गळते. नखाने काढली की वण पडलाच समजा. जखम कोरडी पडू न देता डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा साधं व्हॅसलीन पातळ लावत राहायचं. हळद, टूथपेस्ट, लिंबू काही नको. लालसरपणा पसरू लागला, पू आला, ताप आला किंवा ठणका वाढला तर लगेच दाखवा.

वजूचं बऱ्याच भगिनी विचारतात. डॉक्टरांनी पाणी लावायला परवानगी दिली की स्वच्छ पाणी हलक्या हाताने घ्यावं आणि न घासता टिपून घ्यावं. पट्टी बांधलेली असेल आणि पाण्याने नुकसान होणार असेल तर तिच्यावर मसह करण्याची सवलत आहे. तपशील आपल्या आलिमांना विचारा. नकाबचं कापड खपलीवर घासत असेल तर मऊ सुती घ्या.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र ऊन. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. नव्या गुलाबी कातडीला हे ऊन लागलं की ती काळी पडते आणि तो डाग महिनोन्‌महिने जात नाही. तीळ गेला आणि त्याच्या दुप्पट डाग आला, असं होतं ते यामुळेच. जखम भरेपर्यंत ओढणी, छत्री. भरल्यावर एसपीएफ 30 किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी, निदान दोन-तीन महिने. लग्न मे महिन्यात असेल तर तीळ हिवाळ्यातच काढा, लग्नाच्या पंधरा दिवस आधी नको.

डाग पडलाच तर मेडिकलवरून गोरेपणाची ट्यूब आणू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. कातडी पातळ होते, पुरळ येतं, बायकांच्या चेहऱ्यावर केस वाढतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात.

आणि काढलेला तीळ त्याच जागी पुन्हा उगवला तर घाबरू नका. मुळाशी पेशी राहिल्या की असं होतं. पण तो परत जाळून घ्यायच्या आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, जुने कागद आणि आधीचा फोटो सोबत न्या.