मागासाठी सर्किट बनवून घ्यायचंय? फ्रीलान्स इंजिनिअरला काम देण्याआधी एवढं वाचा

भिवंडी म्हटलं की मागांची खटखट आलीच. पण साध्या यंत्रमागाची एक अडचण बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते. ताण्याचा एखादा धागा तुटला तरी हा माग थांबत नाही. तो विणत राहतो आणि कापडात उभी रेघ पडत जाते. एकच कारागीर चार-सहा माग सांभाळत असेल, तर त्याचं लक्ष जाईपर्यंत माल खराब झालेला असतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर स्टीलची पातळ पट्टी लटकवायची, तिला ड्रॉपर म्हणतात. धागा तुटला की पट्टी खाली पडते, धातूच्या दांडीला टेकते, सर्किट पूर्ण होतं आणि माग बंद पडतो. याचं नाव वार्प स्टॉप मोशन. 1 एप्रिल 2017 रोजी तत्कालीन वस्त्रोद्योगमंत्री स्मृती इराणी यांनी ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना भिवंडीतच सुरू केली, तेव्हा साध्या मागांवर अशा सुधारणा करायला तिच्यात अनुदान होतं.

याचं तयार किट बाजारात मिळतं. तेवढंच हवं असेल तर इंजिनिअरच्या मागे लागू नका, किट घ्या. वेगळं सर्किट लागतं ते पुढची गरज असेल तेव्हा. म्हणजे कुठला माग पाळीत किती वेळा थांबला, का थांबला, याची नोंद हवी, ती मोबाईलवर दिसायला हवी आणि जुन्या मागांवर बसायलाही हवी. इथे फ्रीलान्सर कामाला येतो.

आधी कारखान्यात उभं करा

इंजिनिअरला ‘अमुक चिप वापरून सर्किट बनव’ असं सांगू नका. अडचण सांगा, आणि एक अख्खी पाळी मागाजवळ उभं करा. टेबलावर छान चालणारं सर्किट मागावर का फसतं, ते त्याला तिथेच कळेल. कापसाची धूळ दांडीवर साचली की ड्रॉपर पडूनही संपर्क होत नाही. मागाच्या हादऱ्याने न पडलेला ड्रॉपर क्षणभर टेकतो आणि उगाच माग थांबतो. शेजारची मोटर चालू झाली की वायरमध्ये खोटे सिग्नल येतात.

खोटं थांबणं टाळायचा एक साधा मार्ग म्हणजे संपर्क थोडा वेळ टिकला तरच तो खरा मानायचा. माग मिनिटाला 120 पिकांनी, म्हणजे बाण्याच्या 120 फेऱ्यांनी चालतो असं धरलं, तर एका फेऱ्याला अर्धा सेकंद मिळतो. सर्किटने खात्री करायला 50 मिलिसेकंद घेतले तरी बिघडत नाही. पण हे आकडे तुमच्या मागाचे हवेत, आणि ते तुम्हीच द्यायचे असतात.

इथे पैसे वाचवू नका

ड्रॉपरची दांडी उघडी असते. तुटलेलं सूत जोडायला कारागीर दिवसभर तिथेच हात घालतो. काही स्वस्त सर्किटांत ट्रान्सफॉर्मर नसतोच, कॅपॅसिटर लावून थेट 230 व्होल्टच्या लाईनमधून 12 व्होल्ट काढलेले असतात. मीटरवर 12 व्होल्ट दिसतात, पण ती दांडी मेन्सपासून वेगळी झालेली नसते. हात लागला तर जीव जाऊ शकतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ‘दांडी मेन्सपासून आयसोलेटेड आहे का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा माणूस बघा. शक्यतो बीआयएस नोंदणी असलेला तयार अडॅप्टरच वापरायला सांगा. दांडीतून जाणारा प्रवाहही कमीत कमी हवा, कारण ठिणगी आणि कापसाची धूळ एकत्र आली की आग लागू शकते.

इंजिनिअर पारखायचा कसा? बायोडेटा राहू द्या. आधी बनवलेला, आजही कुठेतरी चालू असलेला बोर्ड दाखवायला सांगा. तो कधी बिघडला होता आणि मग काय बदललं, हेही विचारा. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारे आहेत का, एकाला दुसरा पर्याय आहे का, हे आधीच ठरवा. 2021 च्या चिपटंचाईत एका चिपवर अवलंबून असलेल्या भल्याभल्या कंपन्या अडकल्या होत्या.

पैसे दिले म्हणजे डिझाइन तुमचं?

नाही, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा मालकच असतो. फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही. त्यामुळे चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रामचा हक्क लेखी करार नसेल तर त्याच्याकडेच राहतो. हक्क तुमच्या नावावर करायचा तर कलम 19 प्रमाणे सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

कागदाइतक्याच महत्त्वाच्या आहेत फायली. अनेकदा हातात फक्त बोर्ड आणि गर्बर फायली पडतात. गर्बरवरून तसाच बोर्ड पुन्हा छापता येतो, पण त्यात बदल करणं जवळपास अशक्य असतं. म्हणून सर्किटचा मूळ नकाशा, बोर्डाची मूळ डिझाइन फाइल, सुट्या भागांची यादी आणि प्रोग्रामचा सोर्स कोड हे सगळं कामाच्या यादीत लिहून घ्या. नाहीतर इंजिनिअर पुण्याला नोकरीला गेला की तुमचे पन्नास बोर्ड नुसते भिंतीवर टांगायचे.

दुसरी बाजूही आहे. फ्रीलान्सरची ‘उद्यम’ नोंदणी असेल आणि काम स्वीकारून 45 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याने बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. ‘बघू, पुढच्या महिन्यात’ हे भिवंडीचं पेटंट उत्तर इथे महागात पडू शकतं. सरळ टप्पे पाडा: थोडा अ‍ॅडव्हान्स, नमुना चालला की पुढचा हप्ता, बोर्ड आला की त्यापुढचा. पहिल्या बोर्डात चूक निघणं नेहमीचंच आहे, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीचा खर्च कोणाचा, हेही आधीच बोलून घ्या.

शेवटचा हप्ता मात्र एका मागावर महिनाभर चाचणी झाल्यावरच द्या, आणि पाळीत जास्तीत जास्त किती वेळा माग उगाच थांबलेला चालेल, तो आकडा करारात टाका. कारागिराची मजुरी मीटरवर असते. माग दर दहा मिनिटांनी विनाकारण थांबायला लागला, तर दुसऱ्याच दिवशी तो त्या सर्किटची वायर काढून ठेवेल.