चौतीस हा आकडा राज्यघटनेत नाही

सर्वोच्च न्यायालयात किती न्यायाधीश असावेत हे राज्यघटनेनेच ठरवून दिले आहे आणि ती संख्या बदलायची तर घटनादुरुस्ती लागते, असा समज चांगल्या वाचकांतही आढळतो. वर्धा जिल्ह्यातले प्रकरण नागपूर खंडपीठातून पुढे दिल्लीला जाते, तेव्हा ते ज्या न्यायालयात पोहोचते त्याचा आकार साध्या कायद्याने ठरलेला असतो. अनुच्छेद 124 ने सरन्यायाधीशांखेरीज जास्तीत जास्त 7 न्यायाधीशांची तरतूद केली आणि ही संख्या कायद्याने वाढवण्याचा अधिकार तिथेच संसदेला दिला. त्यानुसार 1956 मध्ये 7 चे 10 झाले, 1960 मध्ये 13, 1977 मध्ये 17, 1986 मध्ये 25, 2008 च्या दुरुस्ती कायद्याने 30 आणि 2019 मध्ये 33. सरन्यायाधीश धरून 34. यांपैकी एकाही वाढीसाठी राज्यघटनेला हात लावावा लागला नाही. अमेरिकेचे ‘9’ सुद्धा तिथल्या राज्यघटनेत नाहीत. तो आकडा 1869 च्या कायद्यातून आला आणि त्याआधी तो 6 पासून 10 पर्यंत खालीवर होत राहिला होता.

हे कळल्यावर लगेच भीती वाटते, की मग साधे बहुमत असलेले कोणतेही सरकार आपल्या मर्जीतले न्यायाधीश भरून न्यायालय खिशात घालील. म्हणून आकडा घटनादुरुस्तीने कायमचा बांधून टाकावा, असा युक्तिवाद केला जातो. भीतीला आधार आहे. 1937 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 6 पर्यंत जादा न्यायाधीश नेमण्याची योजना मांडलीच होती, आणि ती तिथल्या सिनेटने हाणून पाडली. पण उपाय चुकीच्या जागी शोधला जातो आहे, असे माझे मत आहे, आणि त्याचा सर्वांत ठोस पुरावा आपल्याच इतिहासात आहे. 1960 ते 1977 या काळात आपल्या सर्वोच्च न्यायालयाची मंजूर संख्या तसूभरही हलली नाही. न्यायव्यवस्थेवरचे सर्वांत मोठे आघात मात्र याच काळातले. एप्रिल 1973 मध्ये संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा केशवानंद भारती निकाल लागताच शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केले गेले. आणीबाणीत स्थानबद्धांच्या याचिका ऐकून घेता येतात, असे म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते, म्हणजे वर्ध्याचा माणूस ज्याचे दार ठोठावतो तेच. एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मतांनी हे सगळे निकाल फिरवले. एकटे विरोधात गेलेले न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांना जानेवारी 1977 मध्ये सरन्यायाधीशपद नाकारण्यात आले. या सगळ्यासाठी कुणालाही एक जागा वाढवावी लागली नव्हती. नेमणूक कोण करतो, एवढेच हातात असणे पुरेसे होते.

आकडा घटनेत कोरला की न्यायालय सुरक्षित होते, या समजुतीला दुसरे उत्तर 42 व्या घटनादुरुस्तीने दिले आहे. 1976 मध्ये तिने अनुच्छेद 144 अ घातला. कायद्याच्या घटनात्मक वैधतेचा प्रश्न किमान 7 न्यायाधीशांनीच ऐकायचा आणि दोन तृतीयांश बहुमत असल्याशिवाय कायदा रद्द करायचा नाही, अशी ती तरतूद होती. तेव्हा संपूर्ण न्यायालय होते 14 जणांचे. म्हणजे अशा एका प्रकरणात निम्मे न्यायालय गुंतणार, आणि चार विरुद्ध तीन असे बहुमत मिळूनही नागरिक हरणार. 1978 मध्ये अमलात आलेल्या 43 व्या दुरुस्तीने ती तरतूद काढून टाकली. घटनेतला आकडा नागरिकाविरुद्धही वापरता येतो, हे तिने दाखवून दिले.

यावर पाकिस्तानचे उदाहरण पुढे केले जाईल, आणि ते टाळू नये. तिथे नोव्हेंबर 2024 मध्ये साध्या कायद्याने न्यायाधीशांची संख्या 17 वरून थेट 34 पर्यंत नेण्यात आली. मात्र क्रम पाहा. आदल्याच महिन्यात 26 व्या घटनादुरुस्तीने नेमणुकांची आणि सरन्यायाधीश निवडण्याची पद्धत बदललेली होती. आधी नेमणुकीची किल्ली हातात आली, मग खोल्या वाढल्या. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालापासून नावे न्यायवृंद, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचे मंडळ, सुचवतो, आणि हा अधिकार राष्ट्रीय आयोगाकडे नेणारी 99 वी घटनादुरुस्ती 2015 मध्ये रद्द झाली. म्हणून जागा वाढल्या तरी त्या सरकारच्या एकट्याच्या मर्जीने भरता येत नाहीत. न्यायवृंदाचा कारभार बंद दाराआड चालतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तोही नेमणुकीविषयीचाच आक्षेप आहे, संख्येविषयीचा नव्हे.

संख्या बांधून टाकण्याची किंमतही मोजून पाहावी. केंद्रीय न्यायपालिकेचे प्रकरण बदलायचे तर अनुच्छेद 368 नुसार संसदेतल्या विशेष बहुमताबरोबर किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागते. 1956 पासूनच्या सहाही वाढी याच वाटेने न्याव्या लागल्या असत्या, आणि त्यांपैकी किती वेळेवर झाल्या असत्या याची मला शंका आहे. जागा वाढल्या की खटले झपाट्याने निकाली निघतात, हेही खरे नाही. 34 न्यायाधीश मंजूर असूनही प्रलंबित प्रकरणे 80 हजारांच्या वर गेली, कारण विशेष अनुमती याचिकांचा ओघ थांबत नाही.

शिवाय कागदावरची संख्या म्हणजे बाकावर बसलेले न्यायाधीश नव्हेत. 1977 मध्ये कायद्याने 17 जागा दिल्या, पण मंत्रिमंडळाने 1979 अखेरपर्यंत प्रत्यक्ष संख्या 15 वरच रोखली होती. वर्ध्याच्या पक्षकाराचा रोजचा संबंध येतो तो मुंबई उच्च न्यायालयाशी. अनुच्छेद 216 नुसार तिथली संख्या राष्ट्रपती ठरवतात. 94 पदे मंजूर झाली, तरी रिक्त जागांचा प्रश्न सुटला नाही. मूळचे नागपूरचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने एप्रिल 2021 मध्ये सांगितले होते, की न्यायवृंदाने उच्च न्यायालयासाठी एकमताने पुन्हा पाठवलेल्या नावांची नेमणूक सरकारने तीन ते चार आठवड्यांत करावी. घटनादुरुस्तीच करायची असेल तर अशी मुदत तीत लिहावी, आणि ती सरकारइतकीच न्यायवृंदालाही लागू असावी.