'जपानी माल' विकायचाय? आधी वस्तू उलटी करून बघा!



जपानी वस्तूंच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न परत परत येतोय: "सर, जपानला फिरायला चाललोय. येताना माल आणून विकू का?" उत्तर देतो, पण आधी माझा पोपट कसा झाला ते ऐका.

दुकानाच्या दुसऱ्या वर्षी मी एका होलसेलरकडून 40 'जपानी' बाऊल घेतले. पांढऱ्यावर निळी नक्षी, एकदम झकास. नेहमीच्या एका काकूंनी बाऊल उलटा केला, बुडाचा स्टिकर वाचला आणि म्हणाल्या, "अरे, हे तर चीनचं आहे!" बाऊल वाईट नव्हते. पण त्या दिवसापासून काकू माझ्या दुकानातली प्रत्येक वस्तू उलटी करून बघतात. पैसे परत कमावता येतात हो, विश्वास कमवायला वर्षं लागतात.

जपानला गेलात तरी हेच लक्षात ठेवा. 'जपानमध्ये घेतलं' आणि 'जपानमध्ये बनलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथल्या शंभर येनच्या दुकानांतही बराच माल बाहेरच्या देशांतून आलेला असतो. मग अस्सल कसं ओळखायचं?

हस्तकला: जपानने 1974 साली पारंपरिक हस्तकलांसाठी कायदा केला. रोजच्या वापरातली वस्तू, मुख्यतः हातकाम, ठरावीक भाग, परंपरेने चालत आलेलं तंत्र आणि कच्चा माल, अशा अटी आहेत. इवातेची नांबू लोखंडी किटली, वाजिमाची लाखेची भांडी त्या यादीत आहेत. तपासणीत पास झालेल्या वस्तूवर 'देन्सान' चिन्हाचं लेबल लागतं. ते शोधा.

टॉवेल: एहिमे प्रांतातलं इमाबारी हे टॉवेलचं गाव. स्वस्त आयात मालाने तिथले कारखाने अडचणीत आले, तेव्हा त्यांनी भाव पाडण्याच्या स्पर्धेत न उतरता कसोटी ठरवली. टॉवेलचा तुकडा पाण्यावर ठेवला की 5 सेकंदांच्या आत बुडायला लागला पाहिजे. अशा चाचण्या पास झाल्या तरच इमाबारीचा लोगो.

फॅशन: जीन्ससाठी ओकायामा प्रांतातलं कोजिमा बघा. हा भाग आधी शाळेच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध होता, 1960 च्या दशकात तिथे जीन्स शिवायला लागले. पॅन्टचा पाय उलटा दुमडा. जुन्या धाटणीच्या शटल मागावरच्या कापडाला आपल्या साडीसारखा विणलेला काठ दिसतो. पण असं कापड इतर देशांतही बनतं, म्हणून कापड कुठल्या मिलचं, हेही विचारा.

स्वयंपाकघर: टोकियोत असाकुसाजवळ काप्पाबाशी हा हॉटेलवाल्यांचा बाजार आहे. सुऱ्या, भांडी, अगदी शोकेसमध्ये ठेवायचे प्लॅस्टिकचे खोटे पदार्थसुद्धा मिळतात. अनेक दुकानं एक नगही देतात. सुरी घेतलीत तर ती चेक-इन बॅगेतच टाका.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बॅगा भरून माल आणून विकायचा विचार सोडा. पर्यटकांना तिथे 10 टक्के उपभोग कराची सूट मिळते, पण विक्रीसाठी घेतलेल्या मालाला ती नाही. आपल्याकडे कस्टम्सची बॅगेज सवलतही स्वतःच्या वापराच्या वस्तू आणि भेटवस्तूंपुरतीच आहे. धंद्यासाठी आणायचं तर डीजीएफटीकडून आयईसी नंबर काढा, आणि त्या वस्तूला बीआयएससारखं प्रमाणपत्र लागतं का ते आधी तपासा.

म्हणून पहिल्या फेरीत फक्त नमुने आणा. पक्कं बिल घ्या, बनवणाऱ्याचा पत्ता घ्या. घरी येऊन भाडं, ड्युटी, जीएसटी आणि फुटतूट धरून हिशोब करा. त्यानंतरही ग्राहक तो भाव देईल असं वाटलं, तरच ऑर्डर.

आणि आजचा गृहपाठ: तुम्ही मसाला विका नाहीतर पिशव्या, तुमच्या मालाची 'पाच सेकंदांची कसोटी' कोणती? ग्राहकाला दुकानात उभ्या उभ्या करून दाखवता येईल अशी एकच. ती वहीत लिहा, मग कमेंटमध्ये टाका. मी सगळ्या वाचणार आहे.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!