आजचा हुकमी की उद्याचा जायबंदी?

समजा, तुम्ही एका बेसबॉल टीमचे जनरल मॅनेजर आहात. तुमच्याकडे पस्तिशी ओलांडलेला एक पिचर आहे. पिचर म्हणजे आपल्या भाषेत बोलर. गडी अजून फॉर्मात आहे, पण आणखी किती वर्षं टिकेल कुणास ठाऊक. एक दिवस दुसऱ्या टीमचा फोन येतो, "तो आम्हाला द्या, बदल्यात आमचा वीस वर्षांचा पोरगा घ्या. टॅलेंट जबरदस्त आहे. फक्त सध्या त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालंय."

काय कराल? फोन ठेवाल की सौदा कराल?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये असे प्रश्न सतत कुणाला ना कुणाला पडत असतात. आपल्याकडे 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी' लागू नये म्हणतात. इथं तर पळत्याच्याही नाही, लंगडत्याच्या पाठी लागायचं! तरीही शहाणीसुरती माणसं हे करतात, कारण त्यामागे गणित आहे.

नवा खेळाडू मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं तो त्याच टीमच्या ताब्यात असतो. पहिली दोन-तीन वर्षं तर पगारही किमान दराच्या आसपासच. म्हणजे पोरगं चमकलं तर स्टार खेळाडू स्वस्तात आणि बरीच वर्षं मिळतो. असं पोरगं धडधाकट असताना कुणी सहज देत नाही. जायबंदी असलं की मात्र भाव उतरतो. मुंबई इंडियन्सनं २०२२ च्या लिलावात जोफ्रा आर्चरला ८ कोटींना घेतलं ते आठवतंय ना? तो त्या सीझनला खेळणार नाही हे माहीत असताना घेतलं होतं. पुढच्या वर्षी तो जेमतेम पाच मॅच खेळला. जुगार म्हणतात तो हाच.

कोपर की खांदा?

पहिला प्रश्न विचारायचा, दुखतंय कुठं? पिचरच्या कोपरातलं लिगामेंट तुटणं ही एकेकाळी करिअरची अखेर होती. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या हातात शरीरातलाच दुसरा टेंडन बसवला. त्यानंतर टॉमी जॉननं आणखी १६४ मॅच जिंकल्या आणि ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं. आज बहुतेक पिचर वर्ष-दीड वर्षात त्यातून परत येतात. खांद्याचं दुखणं मात्र जास्त बेभरवशाचं.

हा फरक २००९ च्या एका सौद्यात स्पष्ट दिसतो. क्लीव्हलँडनं आदल्याच वर्षी साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान) मिळवलेला क्लिफ ली फिलाडेल्फियाला दिला. बदल्यात आलेल्या चौघांमध्ये जेसन नॅप हा १८ वर्षांचा तुफान वेगाचा पिचर होता. पण खांदा दुखत असल्यानं तो तेव्हा बाहेर बसलेला होता. लीनं त्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये फिलाडेल्फियाला दोन मॅच जिंकून दिल्या. नॅपच्या खांद्यावर ऑपरेशनं झाली आणि तो मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही.

मग क्लीव्हलँड फसलं का? तसंही नाही. त्याच चौघांत कार्लोस करास्को होता. तोही २०११ मध्ये जायबंदी झाला, पण दुखणं कोपराचं होतं. टॉमी जॉन सर्जरी करून तो परतला आणि २०१७ मध्ये त्यानं १८ मॅच जिंकल्या. सौदा करताना एकाच पोरावर सगळी भिस्त ठेवायची नाही ती याचसाठी.

एक कॅचर, दोन दिग्गज

ट्रॅव्हिस डार्नोची गोष्ट तर याहून भारी आहे. डिसेंबर २००९ मध्ये फिलाडेल्फियानं रॉय हॅलडे हा दिग्गज पिचर टोरंटोकडून घेतला. बदल्यात दिलेल्या तिघांपैकी एक होता काइल ड्रेबेक. कोपराच्या ऑपरेशनमधून परतलेला हा पिचर सगळ्यांच्या नजरेत होता. दुसरा होता डार्नो हा कॅचर. पुढच्याच वर्षी हॅलडेनं एक परफेक्ट गेम टाकला आणि प्लेऑफमध्ये नो-हिटरही. ड्रेबेकचं कोपर २०१२ मध्ये पुन्हा गेलं.

त्याच वर्षी डार्नोच्याही गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. तरी डिसेंबरात न्यूयॉर्क मेट्सनं त्याला घेतलं आणि बदल्यात टोरंटोला कोण दिलं? ३८ वर्षांचा, नुकताच साय यंग जिंकलेला आर. ए. डिकी! गंमत बघा, डिकीच्या उजव्या कोपरात ते प्रसिद्ध लिगामेंट मुळातच नव्हतं. १९९६ मध्ये तपासणीत हे कळल्यावर टेक्सासनं त्याची ८ लाख १० हजार डॉलरची ऑफर ७५ हजारांवर आणली होती. ज्याला 'डॅमेज्ड' म्हणून कवडीमोल ठरवलं, तोच पुढे नकलबॉल शिकला आणि सर्वोत्तम ठरला.

हा सौदा कुणी जिंकला? मेट्सना डार्नोसोबत नोआ सिंडरगार्ड मिळाला आणि २०१५ मध्ये दोघं वर्ल्ड सिरीज खेळले. टोरंटोसाठी डिकीनं सलग तीन वर्षं दोनशेहून जास्त इनिंग टाकल्या आणि त्याच २०१५ मध्ये टोरंटो २२ वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचलं. दोघांनाही हवं ते मिळालं, ट्रॉफी मात्र दोघांनाही नाही.

रिपोर्ट लपवला तर?

असा सौदा मेडिकल रिपोर्टवर चालतो. २०१६ मध्ये सॅन डिएगोनं ड्रू पोमेरान्झ हा पिचर बॉस्टनला देताना त्याची मेडिकल माहिती पूर्ण दिली नव्हती. चौकशीनंतर जनरल मॅनेजर ए. जे. प्रेलर यांना लीगनं ३० दिवस बिनपगारी सस्पेंड केलं. बॉस्टनला सौदा मोडायची संधी होती, पण त्यांनी तो ठेवला. पुढच्या वर्षी पोमेरान्झनं १७ मॅच जिंकल्या. सॅन डिएगोला मिळालेला १८ वर्षांचा अँडरसन एस्पिनोझा मात्र कोपराच्या दोन ऑपरेशनमध्ये अडकला आणि २०२२ मध्ये कुठे मेजर लीगमध्ये दिसला, तोही शिकागो कब्जकडून.

मग फोनला उत्तर काय?

आधी आपली टीम कुठं उभी आहे ते बघा. ट्रॉफी याच वर्षी दिसत असेल तर म्हातारा सोडू नका. टीम तळाला असेल तर त्याच्या विजयांनी काही बदलणार नाही, पोरगं घ्या. पण दुखणं कोपराचं असेल तरच, सोबत आणखी दोघं मागून आणि रिपोर्ट स्वतःच्या डॉक्टरांकडून तपासूनच. आणि थांबायची तयारी ठेवा. मेट्सना ती शेवटपर्यंत जमली नाही. दुखापतींनी बेजार डार्नोला त्यांनी २०१९ मध्ये सोडून दिलं.

२ नोव्हेंबर २०२१ ला अटलांटानं वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या रात्री सहा इनिंगमध्ये एकही रन न देणारा पिचर होता मॅक्स फ्रीड. त्याला अटलांटानं २०१४ मध्ये, कोपराच्या ऑपरेशननंतर चारच महिन्यांत, जस्टिन अप्टन या बॅटरच्या बदल्यात घेतलं होतं. समोर कॅचर होता ट्रॅव्हिस डार्नो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीममध्ये काढलेला खेळाडू ट्रेडला नकार देऊ शकतो. प्लॅस्टरमधल्या वीस वर्षांच्या पोराला हा हक्क नसतो. तुम्ही फोनवर 'डन' म्हणाल, तेव्हा सामान बांधून नव्या गावी जाणारा तो तुमच्याच वयाचा असेल.